सळई किती वेळा घालायची?

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. पुरुषांची लघवीची नळी आतून आक्रसते, शस्त्रक्रिया करून ती पुन्हा नीट करता येते, आणि तरीही आपल्याकडे कितीतरी माणसे वर्षानुवर्षे नुसती सळई घालून घेत दिवस काढतात, याबद्दल मला लिहायचे आहे. "वहिनी, ब्लॉगवर असले काही लिहू नका," असे नात्यातल्या दोघातिघांनी आधीच बजावून ठेवले आहे. त्यांचा मान राखून सांगते की गुडघेदुखीवर, मोतीबिंदूवर आणि मधुमेहावर मी लिहिले तेव्हा कोणालाही अवघडल्यासारखे झाले नव्हते. मग याच दुखण्याने काय घोडे मारले आहे?

मी काही डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झाले आणि तीसेक वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पण हे दुखणे मी घरात जवळून पाहिले आहे. त्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून आणि पुतण्याला कामाला लावून पुष्कळ वाचलेही. त्यावरून माझे जे मत झाले आहे ते मांडते. औषधोपचार अर्थातच आपापल्या डॉक्टरांना विचारून.

आधी दुखणे काय ते सांगते. पुरुषाची मूत्रनलिका साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असते. तिच्या आतल्या मऊ अस्तराला कुठे इजा झाली की तिथे व्रण धरतो. व्रण बरा होताना आकसतो, आणि त्या जागी वाट अरुंद होते. धार बारीक होते, जोर करावा लागतो, पाचच मिनिटांपूर्वी जाऊन आले तरी पुन्हा जावेसे वाटते. कधी एकदम तुंबारा होतो आणि रात्री दोन वाजता रिक्षा शोधावी लागते. फार दिवस दुर्लक्ष केले तर मूत्राशय जोर करून करून थकते, जंतुसंसर्ग होतो, खडे होतात, आणि शेवटी मूत्रपिंडांवर ताण येतो.

आता खरी अडचण अशी की आपल्याकडे पुरुषाने साठी ओलांडली आणि धार बारीक झाली, की सगळे एकच शब्द म्हणतात, "प्रोस्टेट". ते बरेचदा खरेही असते. पण तिशी-चाळिशीतल्या माणसाची धार बारीक झाली तर प्रोस्टेटचा संशय घेण्याआधी नळीचा विचार व्हायला हवा. तपासही काही अघोरी नाही. एका यंत्रात लघवी करायची, ते यंत्र धारेचा वेग मोजते आणि कागदावर रेघ काढते. निरोगी माणसाची रेघ घंटेसारखी वर चढते आणि खाली उतरते, आणि वेग सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर जातो. नळी आक्रसलेल्या माणसाची रेघ थोडी वर जाऊन तिथेच आडवी पडते, आणि वेग बहुधा १० च्याही खाली राहतो. मग नळीत औषध सोडून एक्स-रे काढतात. त्यात अडचण नेमकी कुठे आहे आणि किती लांब आहे ते दिसते.

दुसरी अडचण लाजेची. आमच्या लहानपणी या दुखण्याचे नाव निघाले की मोठी माणसे एकमेकांकडे बघत. कारण पूर्वी परमा झालेल्या माणसांना ते पुढे होत असे, त्यामुळे "याने काहीतरी भानगड केली असणार" असा अर्थ लावला जाई. परम्यावर औषधे आली आणि ते कारण पुष्कळ मागे पडले, पण लाज मात्र तशीच राहिली. आज दिसणारी कारणे अगदी साधी असतात. रुग्णालयात घातलेली लघवीची नळी, दुर्बिणीतून केलेले मूतखड्याचे किंवा प्रोस्टेटचे ऑपरेशन, सायकलच्या दांडीवर किंवा भिंतीवर पाय फाकून पडणे, रस्त्यावरच्या अपघातात कमरेचे हाड मोडणे. शिवाय लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा एक विकार आहे. त्यात टोकाकडची कातडी पांढरी आणि कडक होत जाते आणि हळूहळू विकार नळीत शिरतो. आपल्या देशात लांबलचक आक्रसलेल्या नळ्यांमागे हे एक मोठे कारण आहे. यातल्या कुठल्या कारणात माणसाचे चारित्र्य येते, सांगा बरे?

आता सळईकडे येते. हा उपाय फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात निरुद्धप्रकश नावाच्या विकारावर, म्हणजे पुढची कातडी आवळून लघवीची वाट बंद होण्यावर, लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही बाजूंनी उघडी नळी तूप लावून आत घालावी आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी वापरावी, असे सांगितले आहे. इतक्या जुन्या काळी एवढा विचार झाला याचे मला इतिहासाची शिक्षिका म्हणून कौतुकच आहे. पण सुश्रुताच्या काळी भूल नव्हती, प्रतिजैविके नव्हती, आणि केसासारखे बारीक टाकेही नव्हते. आज हे सगळे हाताशी असताना आपण त्याच पायरीवर का थांबावे?

सळई घातली की होते काय, ते बायकांना पटकन समजेल अशा भाषेत सांगते. ब्लाऊजची बाही घट्ट झाली म्हणून ताणून ताणून घातली तर त्या दिवसापुरते भागते, पण कापड विरते आणि शिवण उसवते. शहाणी बाई काय करते? बाही उसवते आणि आत एक पट्टी जोडते. सळईने व्रण ताणला जातो, थोडा फाटतो. फाटलेली जागा पुन्हा व्रणानेच भरते, आणि नवा व्रण आधीपेक्षा जाड असू शकतो. दुर्बिणीतून आत पाहून व्रणाला चीर देतात तीही याच जातीची. सुरी नजरेखाली चालते एवढाच फरक. "लेझरने केले" असे कोणी अभिमानाने सांगितले तरी चीर ती चीरच.

याचे आकडेही उपलब्ध आहेत. अमेरिकेत डेट्रॉईटच्या डॉ. सँतुच्ची यांनी २०१० मध्ये आपल्याकडच्या ७६ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. पहिल्या चिरेनंतर नळी पुन्हा आक्रसली नाही असे रुग्ण ८ टक्के निघाले. दुसऱ्या चिरेनंतर ६ टक्के, तिसऱ्या चिरेनंतर ९ टक्के. चौथ्या आणि पाचव्या चिरेनंतर शून्य. इतर काही रुग्णालयांचे आकडे, विशेषतः आखूड आणि पहिल्यांदाच झालेल्या व्रणांचे, यापेक्षा बरेच चांगले आहेत हेही सांगायला हवे. पण चौथ्या-पाचव्या वेळेला फायदा होतो असे म्हणणारा मला कोणी भेटला नाही.

मग पट्टी जोडण्याचे काय? व्रण आखूड असेल, विशेषतः मार लागून झालेला असेल, तर तेवढा तुकडा काढून टाकून दोन्ही निरोगी टोके जोडतात. व्रण लांब असेल तर नळी उभी उघडून तिच्यात अस्तराचा तुकडा बसवतात आणि ती रुंद करतात. हा तुकडा कुठून घेतात ते ऐकून मी थक्क झाले होते. गालाच्या आतून! तोंडाचे अस्तर कायम ओले राहते, त्याला केस नसतात, ते जाड आणि चिवट असते, आणि नव्या जागी लवकर रुजते. सुरुवातीचे एक-दोन दिवस ते खालच्या मांसातून झिरपणाऱ्या द्रवावर तगते, आणि मग तिथल्या रक्तवाहिन्यांशी त्याच्या रक्तवाहिन्या जुळतात. माळी डोळा बांधून कलम करतो, तसलाच हा प्रकार. गालातली जखम काही आठवड्यांत भरून येते.

ही युक्ती नवी नाही. किरिल सापेझ्को या शल्यविशारदाने १८९० च्या दशकातच ती वापरली होती. इंग्लंडमध्ये हंबी यांनी १९४१ मध्ये एका जन्मजात दोषाच्या दुरुस्तीसाठी तोंडाचे अस्तर वापरले. नंतर मात्र ही गोष्ट मागे पडली, आणि १९९० च्या सुमारास पुन्हा वर आली. १९९६ मध्ये इटलीतल्या डॉ. बार्बाली यांनी तुकडा नळीच्या वरच्या अंगाला, शिश्नाच्या घट्ट भागावर पसरून बसवण्याची पद्धत मांडली. तिथे तुकड्याला पक्का आधार मिळतो.

आणि इथे आपल्या लोकांचे नाव येते. आग्र्याच्या डॉ. हरी असोपा यांनी २००१ मध्ये नळी खालून उघडून वरच्या भिंतीत तुकडा बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्या पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी बार्बाली आणि इतरांबरोबर २००९ मध्ये आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात नळी फक्त एका बाजूने सोडवतात, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या आणि नसा शाबूत राहतात. चीर अंडकोशाच्या मागे दिली जाते आणि शिश्नावर कापावे लागत नाही. संपूर्ण लांबीची नळी आक्रसली असली तरी एकाच बैठकीत काम होऊ शकते. या पद्धतीलाही त्यांचेच नाव मिळाले आहे. परदेशातले शल्यविशारद जे शिकायला पुण्याला येतात, ते पुण्यापासून दोन-तीन तासांवर राहणाऱ्या आपल्या माणसाच्या कानावरही नसावे, याचे मला वाईट वाटते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी, यांच्या परवानगीने लिहिते आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे मूतखड्याचे ऑपरेशन झाले. त्यानंतर सहा महिन्यांत धार बारीक झाली. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात सळई घातली, बरे वाटले. आठ महिन्यांनी पुन्हा तेच. असे करता करता नऊ वर्षांत सात वेळा हा प्रकार झाला. त्यात दोनदा दुर्बिणीची चीर. भाऊजींनी लग्नकार्याला जाणे सोडले. एस.टी.ने प्रवास सोडला, कारण गाडी कुठे थांबेल याचा भरवसा नाही. सकाळचा दुसरा चहासुद्धा सोडला. घरातल्या कोणाला त्यांनी कारण सांगितले नाही. माझ्या जाऊबाईंना वाटायचे, हे आताशा माणूसघाणे झाले आहेत. सातव्या वेळी ताप चढून थंडी वाजू लागली तेव्हा त्या घाबरल्या आणि मला फोन करून सगळे बोलल्या. त्या दवाखान्यात नऊ वर्षांत एकदाही, "यावर कायमचा इलाज होऊ शकतो, दुसरीकडे दाखवून या," असे वाक्य कोणी उच्चारले नव्हते. माझा राग आहे तो या न उच्चारलेल्या वाक्यावर.

२०१७ मध्ये भाऊजींचे नळी दुरुस्तीचे ऑपरेशन झाले. गालातून तुकडा घेतला. पहिले दोन दिवस गार दूध, आइस्क्रीम आणि पातळ भात. तीन आठवडे नळी ठेवली, मग एक्स-रे काढून ती काढली. त्यांना त्रास अजिबात झाला नाही असे मी म्हणणार नाही. गाल काही दिवस ओढल्यासारखा वाटत होता आणि बसताना उशी लागत होती. पण अजून दर वर्षी ते यंत्रावर वेग मोजून येतात, आणि पुन्हा सळईची वेळ आलेली नाही. मागच्या दिवाळीत ते एस.टी.ने आमच्याकडे आले. जाऊबाई म्हणाल्या, "वाटेत दोनदा चहा घेतला यांनी."

आता दुसरी बाजू. सगळ्यांनी उठून ऑपरेशनच करावे असे माझे म्हणणे नाही. इंग्लंडमध्ये २२२ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. नळी एकदा बरी होऊन पुन्हा आक्रसलेल्या रुग्णांत निम्म्यांसाठी दुर्बिणीची चीर ठरवली आणि निम्म्यांसाठी दुरुस्ती. दोन वर्षांच्या काळात त्रास कमी होण्याच्या बाबतीत दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. मात्र पुन्हा काहीतरी करावे लागण्याचा धोका दुरुस्ती झालेल्यांत जवळजवळ निम्मा होता. म्हणजे चीर देणे हा काही गुन्हा नव्हे. व्रण दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड आहे, पहिलीच वेळ आहे, तर आधी सळई किंवा चीर करून पाहायला अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेचीही हरकत नाही. पण आक्रसणे परत आले तर पुन्हा पुन्हा तेच करण्याऐवजी दुरुस्तीचा पर्याय रुग्णापुढे ठेवावा, असे तिच्या २०१६ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. औषध लावलेल्या फुग्याने नळी रुंद करण्याचा नवा उपाय आला आहे. त्याला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ च्या सुधारित मार्गदर्शनात, पुन्हा आक्रसलेल्या आखूड व्रणांसाठी, त्याला जागाही मिळाली.

वयही पाहावे लागते. ऐंशीच्या घरातला माणूस, हृदय नाजूक, तर वर्षातून एकदा सळई घालून घेणे हा त्याचा समंजस निर्णय असू शकतो. पण तो त्याने सगळे पर्याय ऐकून घेतलेला असावा. पर्याय माहीतच नसल्यामुळे सळई चालू राहणे याला मी निर्णय म्हणत नाही.

आणखी एक पर्याय आहे, तो ऐकला की पुरुषांचे चेहरे पडतात. नळीचा पुढचा भाग फारच खराब असेल तर अंडकोशाच्या मागे लघवीसाठी नवी वाट करून देतात. ऑपरेशन त्या मानाने लहान, त्रास कमी. फक्त पुढे जन्मभर बसून लघवी करावी लागते. "म्हणजे बाईसारखे?" असे एका गृहस्थांनी मला विचारले. मी म्हटले, अहो, आपले आजोबा-पणजोबा जानवे कानाला अडकवून बसूनच लघवी करत होते, त्यांचे पुरुषपण कुठे कमी झाले होते? उभ्याने करण्याची सवय गावोगाव पसरली ती अलीकडची. तिच्यासाठी आयुष्यभर तुंबाऱ्याचे हाल सोसायचे काय?

तरुणांच्या आईवडिलांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली अपघाताची. मोटारसायकलच्या अपघातात कमरेचे हाड मोडले आणि लघवीच्या जागेतून रक्त दिसले, तर घाईने खालून नळी सारण्याचा आग्रह धरू नका. तिथे नळी तुटलेली असू शकते. तपासणीशिवाय नळी ढकलली तर इजा वाढते. अशा वेळी डॉक्टर पोटातून नळी घालून लघवी बाहेर काढतात, साधारण तीन महिने सूज उतरू देतात, आणि मग तज्ज्ञ खालून दोन टोके जोडतात. हे तीन महिने आईवडिलांना डोंगराएवढे वाटतात, पण ते वाट पाहणे उपचाराचाच भाग असते. पहिल्या खेपेची जोडणी अनुभवी हातांनी होणे फार महत्त्वाचे, कारण फसलेली जोडणी पुन्हा करणे अधिक अवघड जाते.

दुसरी गोष्ट गुटख्याची. गुटखा, सुपारी, तंबाखू यांनी गालाचे आतले अस्तर कडक होते आणि तोंड पुरते उघडत नाही. अशा माणसाची नळी आक्रसली तर जोडायला चांगला तुकडाच मिळत नाही. शाळेत असताना गुटख्यावर मी पुष्कळ बोलले, पण हा मुद्दा तेव्हा माझ्याजवळ नव्हता. आता कोणी विद्यार्थी भेटला तर हाही सांगते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. पण सळईच्या खेपांचा हिशेब कोणी मांडत नाही. प्रत्येक खेपेचा प्रवास, बुडालेली मजुरी, औषधे, सोबतच्या माणसाची रजा. भाऊजींच्या सात खेपांची मी बेरीज केली तेव्हा जाऊबाई गप्पच झाल्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा माझे मत थोडक्यात असे. पहिल्यांदा सळई किंवा चीर झाली, ठीक आहे. दुसऱ्यांदा तीच वेळ आली की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. व्रण कुठे आहे आणि किती लांब आहे? हे पुन्हा होण्याची शक्यता किती? नळी दुरुस्तीचे काम नेहमी करणारे कोणी मला सुचवाल का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही, आला तर तोच दुसरीकडे जाण्याचा इशारा समजावा.

आणि घरातल्या बायकांनो, नवरा किंवा सासरे न्हाणीघरात फार वेळ लावू लागले, प्रवास टाळू लागले, पाणी कमी पिऊ लागले, तर त्यांच्यावर चिडण्याआधी एकदा शांतपणे विचारा. पहिल्यांदा "काही नाही" असेच उत्तर येईल. दुसऱ्यांदा विचारा. उत्तर नाही मिळाले तर हा लेख छापून त्यांच्या उशाशी ठेवा. नावे ठेवायची असतील तर ती मला ठेवू देत. या वयात मला त्याचे काही वाटत नाही.